ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा (309): एजंटानं लिहिलेली कहाणी द्यावी का? मराठवाड्यातून अर्ज करणाऱ्यांनी बोला

पूर्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी परभणी जिल्ह्यातली, पूर्णा तालुक्यातल्या गावची. उन्हाळ्यात लग्न झालं. नवरा मेलबर्नला असतात, त्यांना तिथला पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, आहे. सुट्टी संपल्यावर ते गेले, मी सासरीच राहायलेय. आता 309 चा अर्ज करायचाय.

सासऱ्यांनी शहरातल्या एका एजंटाकडं कागद दिलेत. तो म्हणायलाय, ठरवून झालेलं लग्न म्हणलं की तिकडचे अधिकारी संशय घेतात, म्हणून आपण लिहू की दोघांची आधीपासून ओळख होती, पुण्यात भेटत होते. त्याच्याकडं मजकूर तयार आहे, नावं तेवढी बदलायची. खरं तर आमची सोयरीक माझ्या मावशीनं जुळवली. पाहुणे बघायला आले, नंतर आम्ही फोनवर बोलायलो, मग सुपारी फुटली. पुण्यात मी कधी राहिले नाही. मला हे खोटं लिहायचं नाही, पण घरात सगळे म्हणायलेत की त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. लॉगिन त्याच्याकडंच आहे, भरलेला फॉर्म दाखवा म्हणलं तर टाळतो.

अजून दोन अडचणी. लग्नात सासरच्यांनी तांदळात नाव बदललं. पत्रिकेत आणि पासपोर्टात माहेरचं नाव, सासरी सगळे नव्या नावानं हाक मारतात. आणि माझा जन्म औरंगाबादच्या दवाखान्यातला. जन्माच्या दाखल्यावर औरंगाबाद, आता सगळीकडं छत्रपती संभाजीनगर. ह्यानं काही अडेल का? कुणी ह्यातून गेलं असेल तर नीट सांगा.

गोदाकाठ

ताई, मी नांदेडची, आता मेलबर्नला असते, ह्याच 309 वर आले. सगळ्यात आधी एक ऐक. तो मजकूर अर्जात जाऊ देऊ नको. बाकीचं सगळं नंतर.

ठरवून झालेल्या लग्नावर ऑस्ट्रेलियात कुणाचा आक्षेप नाही. त्यांना एवढंच बघायचं असतं की नातं खरं आहे, चालू आहे, आणि तुम्ही एकत्र राहता किंवा कायमचे वेगळे राहत नाही. नोकरीमुळं तो तिकडं आणि तू इकडं, हे कायमचं वेगळं राहणं होत नाही. खरं नातं असताना खोटी ओळख लिहिलीत तर काय होईल बघ. अधिकारी तुला फोन करू शकतो. पुण्यात कुठं भेटलात, कुणी ओळख करून दिली, असं विचारलं तर काय सांगशील? तुझ्या नवऱ्याच्या पासपोर्टावरचे येण्याजाण्याचे शिक्के आणि त्या कहाणीतल्या तारखा जुळतील का? खोटी माहिती सापडली तर 4020 नावाचा नियम लागतो, त्यात अर्ज तर जातोच, वर तीन वर्षं दुसरा व्हिसा मिळणं अवघड होऊन बसतं. आपण कोण, नाव-जन्मतारीख काय, ह्याबद्दलच खोटं निघालं तर दहा वर्षं. आणि हे सगळं तुझ्या नावावर चढतं, एजंटाच्या नाही. अर्जदार तू आहेस.

आता अर्ज कसा असतो ते सांगते, म्हणजे घरात बोलता येईल. 309 तात्पुरता आणि 100 कायमचा, दोन्हीचा अर्ज एकदाच आणि फी एकदाच. 1 जुलै 2025 ला ती 9,365 ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. दरवर्षी 1 जुलैला वाढते, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी वेबसाइटवर बघा. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही. अर्जाला दोन वर्षं झाली की कायमच्यासाठी पुन्हा कागद मागतात. अर्ज टाकताना तू ऑस्ट्रेलियाबाहेर असावं लागतं. तुझा अर्ज गेला की एक टीआरएन नंबर येतो, तो नंबर घालून नवऱ्यानं स्वतःच्या इमीअकाउंटातून, म्हणजे व्हिसाच्या सरकारी वेबसाइटवरच्या खात्यातून, स्पॉन्सरशिपचा फॉर्म भरायचा. त्याला तिकडच्या फेडरल पोलिसांचा दाखला लागतो, तुला इकडचा पीसीसी, म्हणजे पोलिसांचाच दाखला. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागत नाही.

नातं ते चार बाजूंनी बघतात: पैसा, घर, समाज आणि एकमेकांशी बांधिलकी. आपल्याकडचं एकत्र कुटुंब त्यांच्या साच्यात सरळ बसत नाही, आणि तिथंच आपल्या मुली गडबडतात. तुझा नवरा पैसे कुणाच्या खात्यावर पाठवतो?

पूर्णाकाठची

सासऱ्यांच्या. घरखर्च तेच बघतात. मला लागतील तसे देतात.

गोदाकाठ

हेच. आपल्या भागात दहातल्या नऊ घरांत असंच असतं, त्यात वावगं काही नाही. पण कागदावर फक्त नवरा आणि त्याचे वडील दिसतात, तू कुठंच दिसत नाहीस. म्हणून अर्जासोबत नात्याबद्दल जे निवेदन द्यायचं असतं त्यात स्पष्ट लिही: आमचं कुटुंब एकत्र आहे, शेतीचा आणि घराचा खर्च सासरे बघतात, नवरा त्यांच्या खात्यावर पैसे पाठवतो आणि त्यातूनच माझा खर्च चालतो. सोबत त्यांच्या पासबुकाच्या त्या पानांची प्रत. आणि इथून पुढं थोडी रक्कम दर महिन्याला थेट तुझ्या खात्यावर येऊ दे. पुराव्यासाठी म्हणून नाही, तुझ्या हातात पैसा असावा म्हणून. त्याच्या विम्यात किंवा सुपरमध्ये, म्हणजे तिकडच्या निवृत्तीच्या खात्यात, तुझं नाव लावलं असेल तर तेही जोड.

घराच्या बाबतीत तू उलट मजबूत आहेस. नवरा नसताना सासरी नांदतेस हे केवढं मोठं आहे. रेशन कार्डात नाव चढवलं का? आधारचा पत्ता बदलला का? ते आधी करा. समाजाच्या बाजूला लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, तुळजापूरला दर्शनाला गेला असाल ते, घरी जागरण-गोंधळ किंवा सत्यनारायण झाला असेल तो. प्रत्येक फोटोखाली तारीख, जागा, कोण कुणाचं काय, आणि गोंधळ म्हणजे काय ते एका ओळीत. अधिकाऱ्याला खंडोबा आणि भवानी माहीत नसतात. अख्खा अल्बम चढवू नको, दोन्हीकडची माणसं एकत्र दिसतील असे मोजके फोटो निवड.

तिकडून फॉर्म 888, म्हणजे तुमच्या नात्याची साक्ष देणारा फॉर्म, लागतो. तुम्हा दोघांना ओळखणारे, अठराच्या वरचे, ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा पीआर असलेले निदान दोन जण. लग्नाला आलेला तिकडचा मित्र असेल तर सगळ्यात चांगलं.

निवृत्त_ग्रामसेवक

बाळ, कागदपत्रांबाबत माझे चार शब्द. नोकरीचा बराच काळ हिंगोली-परभणी पट्ट्यात गेला, विवाह नोंदी हाताने केल्या आहेत.

पत्रिका आणि फोटोवर भागत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ई, आधी काढा. राज्याच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याने गावात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो. आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, काम तेच. नव्वद दिवसांत नोंद करायची असते, उशीर झाला तर शास्ती भरून होते, घाबरायचे कारण नाही. तीन साक्षीदार लागतात. नवरा तिकडे असेल तर त्याच्या पुढच्या सुट्टीची वाट बघावी लागेल, म्हणून लग्नाच्या आठवड्यातच नोंद करावी असे मी प्रत्येक वरबापाला सांगत असे. तुमची झाली आहे का?

सही करण्याआधी इंग्रजी स्पेलिंग स्वतः वाचा. ज्ञानोबा हे नाव कुठे डी-एन-वाय-ए ने सुरू होते, कुठे जी-वाय-ए ने, आणि टीसीवर तिसरेच काही असते. प्रमाणपत्रावर पासपोर्टाप्रमाणेच अक्षरे घ्या. एकदा छापून आले की दुरुस्तीला चकरा होतात.

नाव बदलाबद्दल. तांदळात लिहिलेले नाव ही घरची रीत आहे. राजपत्रात ते प्रसिद्ध केलेले नसेल तर सरकारदरबारी तुमचे नाव पासपोर्टावर आहे तेच. त्याच नावाने अर्ज करा.

पूर्णाकाठची

काका, नोंद झालेली आहे, ते असतानाच केली. स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणंच आहे, आत्ताच बघितलं. खूप आभार.

गोदाकाठ

काकांचं बरोबर. फक्त एक जोडते. फॉर्ममध्ये तुला दुसऱ्या कोणत्या नावानं ओळखतात का, असा प्रश्न आहे. तिथं सासरचं नाव लिही आणि कारण दे: लग्नात ठेवलेलं नाव, फक्त घरात वापरतात. नवऱ्याच्या चॅटमध्ये तो तुला त्याच नावानं हाक मारत असणार. अधिकारी चॅट वाचतो. ही बाई कोण, असा प्रश्न त्याच्या मनात येऊच द्यायचा नाही. पासपोर्टावर नवऱ्याचं नाव घालायची घाई नको, 309 साठी ते लागत नाही. अर्ज चालू असताना नवा पासपोर्ट काढलास तर मात्र इमीअकाउंटातून लगेच कळव.

तेरणा

गावाच्या नावाचं मी सांगतो. आम्ही धाराशिवचे, सगळे जुने दाखले उस्मानाबादचे. बायकोचा यूकेचा स्पाउस व्हिसा केला तेव्हा हाच प्रश्न होता. जन्मस्थान पासपोर्टावर जसं छापलंय तसंच फॉर्ममध्ये लिहिलं. सोबत एका परिच्छेदाचं पत्र, की दोन्ही नावं एकाच ठिकाणची आहेत, आणि जिल्ह्याचं नाव बदलल्याची सप्टेंबर 2023 ची राज्य राजपत्रातली अधिसूचना. कुणी काही विचारलं नाही. दाखला नवा काढायला पळू नका, जुना दाखला खोटा होत नाही.

यूकेला जाणाऱ्यांसाठी: तिकडं खरी अडचण उत्पन्नाची असते. 11 एप्रिल 2024 पासून स्पॉन्सरचं वार्षिक उत्पन्न किमान 29,000 पौंड लागतं, आधी 18,600 होतं. वर बायकोला ए-1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा, टीबीची तपासणी आणि वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार. व्हिसा दोन वर्षं नऊ महिन्यांचा.

बालाघाट

जर्मनीचंही लिहून ठेवते, कुणी शोधत आलं तर. नवऱ्याकडं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असेल तर बायकोला ए-1 जर्मन लागत नाही. साध्या वर्क परमिटवर असेल तर शक्यतो लागतं. मी अंबाजोगाईहून पुण्याला मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली. पण खरं सांगू का, लागत नसलं तरी शिकून जा. दुकानात, दवाखान्यात प्रत्येक वेळी नवऱ्याला सोबत न्यावं लागणं फार जड जातं.

मांजराकाठ

मी थोडं वेगळं बोलतो. लातूरच्या माझ्या चुलतभावानं एजंटाकडूनच केलं आणि सुरळीत झालं. गावातल्या मुलीला इंग्रजी फॉर्म, अपलोड, हे सगळं एकटीनं कर म्हणणं सोपं आहे. चूक झाली तर नऊ हजार डॉलर बुडाले. जाणकाराला पैसे देण्यात गैर काय?

गोदाकाठ

दादा, जाणकाराला पैसे देण्यात काहीच गैर नाही. माझ्या नणंदेनं दिले, मीच दे म्हणले. पण जाणकार कोण ते बघायचं. ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या मायग्रेशन एजंटाला सरकारकडं नोंदणी लागते आणि सात आकडी मार्न नंबर मिळतो. नंबर टाकला की वेबसाइटवर नाव दिसतं. भारतात बसलेल्या माणसाला ती सक्ती नाही, त्यामुळं तो चुकला तर तक्रार करायची कुठं, हा प्रश्न राहतो. आणि नोंदणी असो नसो, आपला भरलेला अर्ज आपल्याला न दाखवणारा माणूस जाणकार कसा म्हणायचा? मदत करणाऱ्याचं नाव अर्जात फॉर्म 956 नं कळवतात. तुमच्या चुलतभावाच्या एजंटानं ते केलं असेल तर तो नीट माणूस आहे, त्याचं काम चालू राहावं.

इंग्रजीचं म्हणाल तर निवेदन मराठीत लिहिता येतं. भाषांतर जोडायचं. भारतात भाषांतर करणाऱ्याला ऑस्ट्रेलियाची मान्यता लागत नाही, पण त्यानं खाली स्वतःचं नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि भाषेतला अनुभव लिहायचा असतो. तिकडं करून घेतलं तर नॅटी ह्या तिथल्या संस्थेचा मान्यताप्राप्त भाषांतरकार हवा. तालुक्याच्या कॉलेजातले इंग्रजीचे सर हे काम नीट करू शकतात.

मांजराकाठ

हे पटलं. 956 बद्दल भावाला विचारतो.

बिंदुसरा

मी सहसा लिहित नाही. बीडचा आहे. माझी धाकटी बहीण अशाच व्हिसावर एका देशात गेली. कोणता ते लिहीत नाही. अर्ज, ईमेल, पासवर्ड, सगळं सासरच्यांच्या हातात होतं. तिला स्वतःच्या व्हिसाचा नंबरसुद्धा माहीत नव्हता. तिकडं त्रास सुरू झाला तेव्हा नवरा म्हणायचा, एक फोन केला तर तुझा व्हिसा रद्द होतो. तिला ते खरंच वाटलं. किती तरी दिवस आम्हाला काही कळू दिलं नाही. आता ती माहेरी आहे, शिवणकाम करते, ठीक आहे.

पूर्णाकाठच्या ताईंचं घर चांगलंच असेल, मी कुणावर शंका घेत नाही. पण इमीअकाउंट तुमच्या स्वतःच्या ईमेलनं उघडा. पासवर्ड तुमच्याकडं. प्रत्येक कागदाची एक प्रत माहेरी भावाकडं. हे मागायला कोणत्याही मुलीला लाज वाटू नये आणि कोणत्याही सासऱ्यानं राग मानू नये.

गोदाकाठ

भाऊ, लिहिलंत हे फार बरं केलंत. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

ज्या मुली ऑस्ट्रेलियाला येणार आहेत त्यांनी हे पाठ करून ठेवा. नवरा फोन करून तुमचा व्हिसा रद्द करू शकत नाही, तो निर्णय सरकारचा. घरातल्या हिंसेमुळं नातं तुटलं तर कायमचा व्हिसा मिळायची तरतूद कायद्यात आहे. जीवावर बेतलं तर 000. सल्ल्यासाठी 1800 737 732, दिवसरात्र. इंग्रजी जमत नसेल तर 131 450 वर दुभाषा मिळतो. इकडून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय कक्षाकडं तक्रार करता येते.

आणि चांगलंही सांगते. 309 वर आल्या आल्या काम करता येतं, मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, मिळतं, आणि सरकारचे एएमईपी नावाचे इंग्रजीचे वर्ग फुकट असतात. माझ्या वर्गात सिरियाच्या, व्हिएतनामच्या बायका होत्या. पहिल्या नोकरीची मुलाखत द्यायचं बळ मला तिथंच आलं.

पूर्णाकाठची

काल रात्री सासऱ्यांना बिंदुसरा दादांची पोस्ट वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी उठून एजंटाकडं गेले आणि कागद परत घेऊन आले. म्हणाले, तूच भर, अडलं तर विचार. इमीअकाउंट माझ्या ईमेलनं उघडलं.

निवेदनाचा एक तुकडा टाकते, बरोबर वाटतो का सांगा.

"आमच्या लग्नाची बोलणी माझ्या मावशीने केली. पहिल्या भेटीत आम्हाला ओसरीवर थोडा वेळ बोलायला दिले. मी त्यांना विचारले की तिकडे गेल्यावर मला पुढे शिकता येईल का. ते म्हणाले की मीही तिथे गेलो तेव्हा रात्री कामाला आणि दिवसा कॉलेजला जात होतो, तुम्ही शिका. मला त्यांचे हे उत्तर आवडले. ते गेल्यापासून त्यांची शिफ्ट संपली की फोन येतो, तेव्हा आपल्याकडे दुपार असते. घरात रेंज नसल्याने मी माळवदावर जाऊन बोलते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी रानात असायची, तेव्हा ते रात्री त्यांची झोप मोडून फोन करत. माझ्या सासूबाईंचे गुडघ्याचे दुखणे, बैल विकायचा की ठेवायचा, हेही आम्ही फोनवरच ठरवतो."

गोदाकाठ

एक शब्द बदलू नको. हे कुठल्या तयार मजकुरात सापडणार? फक्त तारखा घाल: बघायचा कार्यक्रम, सुपारी, लग्न, ते परत गेले तो दिवस. आणि त्या दुपारच्या कॉलची यादी व्हॉट्सअपमधून स्क्रीनशॉट काढून जोड. आठवड्यातला एखादा दिवस पुरे, सगळं नको. नवऱ्यानंही आपलं निवेदन वेगळं, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. दोघांचं वाक्यन्वाक्य सारखं नसावं.

निवृत्त_ग्रामसेवक

बैलाचे वाचून बरे वाटले. घर चालवणारी माणसेच असे बोलतात.

तेरणा

एक शंका, ऑस्ट्रेलियावाल्यांना. निकाल येईपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जाऊन राहावं का? माझ्या मेव्हणीला कुणीतरी सुचवलंय.

गोदाकाठ

309 टाकल्यावर व्हिजिटर व्हिसा, म्हणजे 600, मागता येतो, बरेच जण जातात. पण 309 चालू आहे हे त्या अर्जात लपवायचं नाही. आणि व्हिसा आला की अटी वाचायच्या. 8503 नंबरची अट लिहिलेली असेल तर तिथं बसून दुसरा व्हिसा मागता येत नाही, मुदत संपायच्या आत परतावंच लागतं. व्हिजिटरवर नोकरीही करता येत नाही.

आणि मूल होणार असेल तर लगेच कळवा. नवरा नागरिक असेल तर मुलाला वंशानं नागरिकत्व मागता येतं. पीआर असेल तर मुलाचं नाव अर्जात जोडावं लागतं.

पूर्णाकाठची

अर्ज गेला, टीआरएन आला, ह्यांनी स्पॉन्सरशिपही भरली. पीसीसीसाठी पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घेतलीय, पाचशे रुपये लागले. मेडिकलला हैदराबाद निवडलं, परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं सोयीचं पडतं, दीर सोबत येतायत. जाताना काय काय न्यावं?

गोदाकाठ

मूळ पासपोर्ट, हॅप आयडी, म्हणजे मेडिकलचा नंबर, छापलेलं पत्र, चष्मा असेल तर चष्मा, कोणतं औषध चालू असेल तर त्याची चिठ्ठी. लहानपणी टीबी वगैरे झाला असेल तर जुने कागद आणि एक्स-रे. डॉक्टरांची साधी तपासणी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी एवढंच असतं. पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी पुन्हा करायला लावतात, म्हणून तारीख तो हिशोब धरून घे. दिवस गेल्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी सांग. रिपोर्ट तुझ्या हातात देत नाहीत, दवाखान्यातून थेट ऑनलाइन जातो, त्यामुळं मागत बसू नको. दुपारची वेळ मिळाली तर त्याच रात्रीची परतीची गाडी धरू नका, गर्दी असली की उशीर होतो.